देवावर हवाला

‘आता देवावर हवाला!’ हे वाक्य आपल्या घराघरांतून किती सहज उच्चारले जाते, याचा विचार तुम्ही कधी केला आहे काय? मुलगा परीक्षेला बसला, देवावर हवाला. आजोबांना ऑपरेशनसाठी आत नेले, देवावर हवाला. पावसाने कर्जत लोकल कुठेतरी अडकली आहे आणि मुलगी अजून घरी पोहोचलेली नाही, तरी देवावर हवाला. रोजच्या वापराने नाण्यावरचा छाप पुसावा तसा या शब्दाचा अर्थ पुसट होत गेला आहे. पण एखाद्या घरावर असा दिवस येतो की, त्या दिवशी या शब्दाची पुरी किंमत मोजून द्यावी लागते. तशी ती मोजून देणारी एक आई मी आमच्या अंबरनाथला पाहिली. आज तुमच्यापुढे जे मांडणार आहे ते तिच्या एका प्रश्नाचे उत्तर आहे. ते द्यायला मला वेळ लागला, हे आधीच कबूल करतो.

ही गोष्ट 2023 सालच्या फेब्रुवारीतली. त्या महिन्याच्या 6 तारखेला पहाटे तुर्कस्तान आणि सीरिया या देशांच्या सरहद्दीवर 7.8 तीव्रतेचा भूकंप झाला. लोक साखरझोपेत होते. गावेच्या गावे जमीनदोस्त झाली. दोन्ही देशांत मिळून पन्नास हजारांहून अधिक माणसे मेली. आपल्या देशाने मदत पाठविण्याचे ठरविले आणि दुसऱ्याच दिवशी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान विमानाने निघाले. त्या मोहिमेला ‘ऑपरेशन दोस्त’ असे नाव दिले होते. दलाचे दीडशेच्या वर लोक आणि त्यांचे श्वान तिकडे गेले. लष्कराने आपले फिरते इस्पितळही नेऊन उभे केले.

आमच्याच मजल्यावर एक काकू राहतात. यजमान ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झाले आणि पुढे दोन वर्षांत वारले. थोरली मुलगी सासरी. धाकटा मुलगा निमलष्करी दलात भरती झाला आणि तिथून आपत्ती प्रतिसाद दलात गेला. काकूंचे नाव मी सांगत नाही. त्यांना ते आवडणार नाही. मुलाचा फोन आला तो इतकाच: “आई, तुर्कस्तानला चाललोय. काही दिवस फोन लागला नाही तर घाबरू नकोस.” काकूंनी फोन ठेवला आणि त्या आमच्या दारात आल्या. “तुर्कस्तान म्हणजे कुठं हो, सर?” आमच्या चिरंजीवांचा शाळेचा नकाशा काढून मी त्यांना जागा दाखविली. त्यांनी अंबरनाथवर एक बोट ठेवले, त्या जागेवर दुसरे ठेवले आणि मधल्या अंतराकडे पाहत राहिल्या.

त्या रात्री काकूंनी देव पाण्यात ठेवले. देव्हाऱ्यातला बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा एका पातेल्यात बुडवून ठेवली. दिवसभर टी.व्ही. चालू. पडलेल्या इमारती, रडणारी माणसे, आणि मध्येच नारिंगी पोशाखातला कुणी जवान दिसला की काकू उठून पडद्याजवळ जात. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सहज चौकशीला गेलो तेव्हा त्यांनी चहाचा कप पुढे केला आणि विचारले, “सर, तुम्ही कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवता ना? मग एक सांगा. हा भूकंप कुणी केला? देवानंच ना? ज्यानं तिकडची हजारो लेकरं गाडली, त्याच्यावर मी माझ्या लेकराचा हवाला कसा ठेवू?”

वाचकहो, वीस वर्षे मी हा विषय शिकवितो. या प्रश्नावर परीक्षेत दहा गुणांचे टिपणही विचारतो. पण त्या संध्याकाळी मी मुकाट्याने चहा प्यालो आणि घरी आलो.

या प्रश्नाचे खरे म्हणजे दोन भाग पडतात. पहिला भाग भूकंपाचा. आपल्या पायाखालची जमीन अखंड नाही. ती मोठमोठ्या तुकड्यांची बनलेली आहे आणि हे तुकडे अतिशय सावकाश सरकत असतात. अरबस्तानचा तुकडा उत्तरेकडे रेटतो आहे आणि त्या दाबाने तुर्कस्तानचा तुकडा पश्चिमेकडे घसरतो आहे. दोहोंच्या सांध्यावर वर्षानुवर्षे ताण साचतो आणि एका क्षणी सुटतो. पृथ्वीच्या पोटातल्या ज्या उष्णतेने हे घडते तिनेच डोंगर उभे राहिले. म्हणजे भूकंप हा कुणावर उगारलेला आसूड नव्हे. आणि भूकंप स्वतः फारसा कुणाला मारीत नाही. मारतात ती आपण बांधलेली घरे. आपल्या किल्लारीचे उदाहरण घ्या. 30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक नुकते झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. तिथला धक्का तुर्कस्तानच्या मानाने पुष्कळच लहान होता. शास्त्रज्ञांच्या हिशेबाने त्यात मोकळी झालेली शक्ती सुमारे अडीचशे पटींनी कमी भरते. तरीही जवळजवळ दहा हजार माणसे गेली, कारण चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदाचे ओझे झोपलेल्या माणसांवर आले. तुर्कस्तानातही कित्येक नव्या इमारती पत्त्यांसारख्या कोसळल्या आणि पुढे त्यांच्या ठेकेदारांना पकडण्यात आले. तेव्हा सगळेच देवाच्या खात्यावर मांडणे बरोबर नाही. काही रकमा आपल्या खात्यावरच्या आहेत.

हे मी दुसऱ्या दिवशी काकूंना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. म्हणाल्या, “बरोबर असेल तुमचं. पण त्या भिंतीखाली जे तान्हं मूल गेलं त्यानं काही भिंत बांधली नव्हती.” हेही खरेच होते. शास्त्राने कारण कळते. पण आईला कारण नको असते, आधार हवा असतो. म्हणून प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे वळायला हवे. हवाला ठेवणे म्हणजे नेमके काय?

‘हवाला’ हा शब्द आपल्याकडे अरबीतून, फारसीच्या वाटेने आला. त्याचा अर्थ ताबा, सोपवणूक. ‘हवाली करणे’ हा आपला रोजचा वाक्प्रचार त्याच कुळातला. शिवकालात किल्ला ज्याच्या ताब्यात दिलेला असे तो हवालदार. तेव्हा देवावर हवाला म्हणजे आपल्या ताब्यातली वस्तू त्याच्या ताब्यात देणे. आता ‘नवस’ हा शब्द शेजारी ठेवून पाहा. नवसात अट असते: तू हे कर, मग मी ते करीन. तो करार आहे. हवाल्यात अट नाही. वस्तू दिली की दिली. ती कधी परत मिळेल, कोणत्या अवस्थेत मिळेल, मिळेल की नाही, याची पावती कुणी देत नाही. आपण तोंडाने हवाला म्हणतो आणि मनात पुष्कळदा नवसच बोललेला असतो. माणूस सुखरूप आला तर म्हणतो, देव पावला. न आला तर? तर देव नाही, असे म्हणायचे काय?

हा नुसता शब्दच्छल नाही. आपल्याच महाराष्ट्रातल्या एका घराने हा प्रश्न सोसलेला आहे.

1937 साली जपानने चीनवर चढाई केली. चीनमधून मदतीची हाक आली. पंडित नेहरूंनी ती उचलून धरली आणि काँग्रेसने एक वैद्यकीय पथक पाठविण्याचे ठरविले. सुभाषबाबू तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. पाच डॉक्टर निवडले: अलाहाबादचे डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. कोटणीसांचे वय तेव्हा अवघे 27 वर्षांचे. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात ते शिकलेले. 1938 च्या सप्टेंबरमध्ये मंडळी मुंबईहून बोटीने निघाली. ती लढाई होती, भूकंप नव्हता, हे खरे. पण जखमींसाठी परमुलखात धावणे दोन्हीकडे सारखेच, आणि घरी मागे राहिलेल्यांची घालमेलही सारखीच. फरक एवढाच की, तेव्हा पत्र पोहोचायला महिने लागत.

चुंगकिंगला असतानाच कोटणीसांना वडील वारल्याची बातमी कळली. सोबत्यांनी त्यांना परत जाण्याविषयी सुचविले. ते परतले नाहीत. उत्तरेला येनानच्या मुलखात आणि तिथून पुढे रणभूमीवर गेले. एका लढाईत तीन दिवस झोपेविना ते शस्त्रक्रिया करीत राहिले, असे सांगतात. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून तिथेच जखमींची सेवा करताना 1939 साली वारले होते. त्यांच्या नावाच्या इस्पितळाचे प्रमुखपद 1941 साली कोटणीसांकडे आले. त्याच वर्षी ग्वो छिंगलान या चिनी परिचारिकेशी त्यांनी विवाह केला. 1942 च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. त्याचे नाव इन्हुआ; ‘इन्’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. आणि त्याच वर्षी 9 डिसेंबरला, वयाच्या 32 व्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचा अंत झाला. चौघे डॉक्टर मायदेशी परतले. एक परतला नाही. त्यावर ख्वाजा अहमद अब्बास यांनी पुस्तक लिहिले, 1946 साली व्ही. शांताराम यांनी बोलपट काढला, आणि सोलापूरला स्मारक झाले; पण त्यातले काहीच आईला मुलाच्या जागी पुरत नाही.

आता विचार करा. चार घरांत देवाने ऐकले आणि पाचव्या घरात ऐकले नाही, असे आपण म्हणणार काय? त्या चौघांच्या घरची भक्ती जास्त आणि सोलापूरच्या घरची कमी, असे मोजमाप कोण काढील? असे म्हणणे केवळ चूक नव्हे, तर निष्ठुर होईल. दुःखात पडलेल्या माणसाला “तुमची श्रद्धाच कमी पडली” असे सुनावणारे लोक आपल्या आजूबाजूला असतात. त्यांच्यापासून सावध राहावे. देवावरचा भरवसा म्हणजे ‘आपला माणूस परत येईलच’ अशी हमी, असा अर्थ धरला, तर तो भरवसा सोलापूरच्या त्या दारात येऊन मोडतो. म्हणून अर्थच वेगळा धरला पाहिजे.

तो कसा धरावा हे शोधायला मला ग्रंथालयात जावे लागले नाही. जनाबाईची कथा आपण लहानपणी आजीच्या तोंडून ऐकतो. जनी नामदेवांच्या घरची दासी. रात्र सरता सरता दळायला बसे आणि विठोबा येऊन तिच्याबरोबर जात्याच्या खुंट्याला हात लावी. या कथेत देव काय करीत नाही, तिकडे लक्ष द्या. तो जाते बंद पाडीत नाही. पीठ आयते आणून ठेवीत नाही. जनीचे दासीपण एका रात्रीत फेडून टाकीत नाही. दळण दळावेच लागते. मात्र ते एकटीला दळावे लागत नाही. आपल्या भागवत धर्माने देवावरच्या विश्वासाचा जो अर्थ साध्या माणसांच्या हाती दिला तो मला असा दिसतो: संकटातून सूट नव्हे, संकटात सोबत. पंढरीच्या वारीला जाणारा माणूसही सहसा अट घालून जात नाही. तो भेटायला जातो.

हे सांगितल्यावर काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे माझं पोर आलं नाही तरी देव आहेच, असं म्हणायचं?” मला ‘हो’ म्हणायचा धीर झाला नाही. दुसऱ्याच्या मुलाविषयी असा ‘हो’ म्हणणे सोपे असते, म्हणूनच तो म्हणू नये. मी म्हटले, “काकू, ते मी कोण सांगणार?”

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घ्यायला दार उघडले तर काकूंचे दारही उघडे होते आणि देव्हाऱ्यात निरांजन दिसत होते. बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा पाण्यातून काढून, पुसून जागेवर बसविलेली. मी काही विचारण्याआधी त्याच म्हणाल्या, “काढले बाहेर. रात्री वाटलं, मी देवाला ओलीस धरून बसलेय. त्याला इथं बुडवून ठेवला तर तो तिकडं जाणार कसा? तिकडं काय माझं एकट्याचंच पोर आहे? मोकळा असू दे त्याला.”

वाचकहो, मी जे इतका वेळ सांगत होतो ते काकूंनी चार वाक्यांत केले. नवसाचा हवाला झाला, तो असा.

पण हवाला ठेवल्यावर हातावर हात धरून बसायचे काय? मुळीच नाही. ज्याला आपण पाठविले तो कशा रीतीने काम करतो, हे समजून घेणे हाही भरवशाचाच भाग आहे. अज्ञानाने भीती दुप्पट होते. काकूंना त्यानंतर मी जे समजावून सांगितले ते तुम्हांलाही सांगतो, कारण असा प्रसंग कुणाच्याही घरी येऊ शकतो.

पहिली गोष्ट, फोन न येणे म्हणजे काही वाईट घडणे नव्हे. भूकंपात टेलिफोनचे मनोरे पडतात, वीज जाते. पथकाजवळचे उपग्रहाचे फोन कामासाठी असतात. दुसरी गोष्ट, अशी पथके आपले अन्न, पाणी, तंबू, औषधे बरोबर घेऊन जातात; संकटात सापडलेल्या गावावर त्यांचा भार पडू नये, असाच दंडक आहे. तिसरी गोष्ट सुरक्षिततेची. 1988 साली आर्मेनियात भूकंप झाला तेव्हा देशोदेशींची पथके धावली, पण त्यांच्यात मेळ नव्हता. त्यातून शहाणपण घेऊन 1991 साली संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली या कामाचे समान नियम करण्यास सुरुवात झाली. इमारत आधी तपासायची, कोणत्या भागात कोण शोध घेऊन गेले याच्या खुणा भिंतीवर करायच्या, आणि एक माणूस बाहेर नुसता लक्ष ठेवायला उभा करायचा. त्याच्या शिट्टीची भाषाही ठरलेली आहे. तीन तोकड्या शिट्ट्या म्हणजे तत्काळ बाहेर पडा. एक लांब शिट्टी म्हणजे काम थांबवा, शांत राहा. एक लांब आणि एक तोकडी म्हणजे पुन्हा कामाला लागा.

यातली ती एक लांब शिट्टी मला फार मोलाची वाटते. ती वाजली की यंत्रे बंद होतात, बोलणे थांबते, कुणी पायही हलवीत नाही. ढिगाऱ्याखालून एखादी हाक, एखादा ठोका ऐकू येतो का, यासाठी सगळे कान टवकारतात. आपल्या पथकाने तुर्कस्तानात नुरदागी नावाच्या गावी 9 फेब्रुवारीला, म्हणजे भूकंपानंतर चौथ्या दिवशी, एका सहा वर्षांच्या मुलीला जिवंत बाहेर काढले. ज्युली आणि रोमिओ या दलाच्या श्वानांनी तिचा माग दाखविला होता. ती बातमी टी.व्ही.वर लागली तेव्हा काकूंनी आमचे दार ठोठावले. त्या पथकात त्यांचा मुलगा होता की नव्हता, हे त्यांनी विचारलेसुद्धा नाही.

याच मोहिमेत दलाच्या स्त्रियाही होत्या. त्यांतल्या एकीने आपली अठरा महिन्यांची जुळी मुले सासू-सासऱ्यांच्या हवाली केली आणि ती निघाली. पुष्कळांचे पासपोर्ट रातोरात तयार करावे लागले. तेव्हा आपल्या काकू एकट्या नव्हत्या. त्या आठवड्यात देशात दीडशेच्या वर घरांतून असा दिवा तेवत असणार. कुठे देव्हाऱ्यात, कुठे गुरुग्रंथसाहेबापुढे, कुठे येशूच्या तसबिरीपाशी, आणि कुठे पाचदा नमाजात हात पसरले जात असणार. पलीकडे उल्हासनगरला तर झूलेलालाची बहिराणा साहेबाची ज्योत ठिकठिकाणी लागते. देव कोणत्या नावाचा हा प्रश्न अशा वेळी राहत नाही.

आणखी एक गोष्ट मला आपल्या अंबरनाथ-बदलापूरच्या लोकांना मुद्दाम सांगायची आहे. ‘आपलाच मुलगा का?’ हा विचार अशा वेळी मनात डोकावतो. तो डोकावला की 27 जुलै 2019 हा दिवस आठवावा. उल्हास नदीला पूर आला होता आणि कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकून पडली होती. सुमारे एक हजार पन्नास प्रवासी आत. रात्र त्यांनी डब्यात काढली. सकाळी होड्या घेऊन हेच जवान आले, नौदल आले, हेलिकॉप्टरे आली आणि आसपासच्या गावांतले लोक पाण्यात उतरले. दुपारपर्यंत सगळे प्रवासी सुखरूप बाहेर निघाले. ते जवान काही आभाळातून पडले नव्हते. कुठल्या तरी हरियाणातल्या, केरळातल्या, आसामातल्या आईने आपले पोर हवाली केले होते, म्हणून ते आपल्या दारी आले. त्याच्याही आधी, फाळणीनंतर सिंधमधून हजारो माणसे सर्वस्व गमावून कल्याणच्या लष्करी छावण्यांत उतरली. त्या छावण्यांचेच आजचे उल्हासनगर. आपण सारे कुणाच्या ना कुणाच्या मदतीवर तगलेले लोक आहोत. आपल्या घरचा मुलगा परमुलखात मदतीला जातो तेव्हा तो जुने देणे फेडायला जातो.

दलाचे जवान 17 फेब्रुवारीपर्यंत परत आले. दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र होती. आमच्या अंबरनाथला त्या दिवशी मोठी जत्रा भरते. इथले शिवमंदिर शके 982 मधले, म्हणजे इसवी सन 1060 चे. शिलाहार राजांच्या काळातले. वालधुनीच्या काठी साडेनऊशेहून अधिक वर्षे ते उभे आहे. मंडपातून पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात जावे लागते, आणि वर पाहिले तर शिखर पूर्ण नाही. उघडे आकाश दिसते. काकू रांगेत उभ्या असतानाच मुलाचा फोन आला. “आई, पोचलो.” काकू बोलल्या नाहीत. मागच्या बाईंनी विचारले, “काय झालं हो?” तेव्हा काकूंना रडू फुटले. दहा दिवसांत प्रथमच.

गोष्ट इथे संपविली असती तर गोड झाली असती; पण ती पुरी झाली नसती. मुलगा होळीला रजेवर आला. तो बोलेना. जेवताना मध्येच हात थांबे. पलंगावर पडून छताच्या तड्याकडे टक लावून पाही. आमच्या मजल्यावरची मुले पळाली, जिना हादरला, तर तो झटक्यात उठून उभा राही. काकू पुन्हा माझ्याकडे आल्या. “सर, पोर परत आलं, पण पुरतं आलेलं नाही.”

जो माणूस दहा दिवस ढिगारे उपसतो, त्याच्या हाती एखादी जिवंत मुलगी लागते, आणि बाकीचे काय लागते ते तो घरी सांगत नाही. त्याला वाटते, आईने कशाला ऐकावे? आईला वाटते, मी विचारले तर त्याला त्रास होईल. दोघेही एकमेकांना जपतात आणि घरात मुकेपण साचते. अशा वेळी काय करावे? खोदून विचारू नये. ‘तू तर शूर आहेस’ असे म्हणून त्याचे तोंड बंद करू नये. त्याच्यापाशी बसावे, घरची साधी कामे सांगावीत आणि तो बोलू लागला तर मध्ये न बोलता ऐकावे. झोप आठवडे-आठवडे लागत नसेल, तर मनाच्या डॉक्टरकडे न्यावे. त्यात लाज नाही, आणि देवावरचा भरवसाही त्यात उणा होत नाही. पाय मोडला तर आपण देवाचे नाव घेत हाडाच्या डॉक्टरकडे जातोच ना?

काकूंनी तसेच केले. दळणाचा डबा त्याच्या हाती देऊन त्या रोज त्याला गिरणीत पाठवीत. सात-आठ दिवसांनी एका रात्री तो स्वयंपाकघरात आईपाशी येऊन बसला आणि सांगू लागला. काय सांगितले ते काकूंनी मला सांगितले नाही आणि मी विचारलेही नाही. एवढेच म्हणाल्या, “एक लांब शिट्टी वाजली असं समजले आणि गप्प बसून ऐकलं.” पुढे त्याने दलातल्या डॉक्टरांचाही सल्ला घेतला. आता तो पुन्हा कामावर आहे. 2025 च्या मार्चमध्ये म्यानमारला भूकंप झाला आणि आपली पथके तिकडे निघाली, तेव्हा काकूंनी त्याला स्वतः फोन करून विचारले, “तुझं नाव आहे का रे यादीत?” त्या खेपेला नव्हते. काकू म्हणाल्या, “बरं. ज्यांचं असेल त्यांच्यासाठी दिवा लावते.”

तेव्हा तुमच्याही घरचे कुणी डॉक्टर, परिचारिका, जवान वा स्वयंसेवक म्हणून दूर देशीच्या संकटात धावून गेले असेल, तर देवावर हवाला अवश्य ठेवा. मात्र तो हवालाच असू द्या, सौदा नको. घरच्या देव्हाऱ्यात दिवा लावताना त्या परक्या गावातल्या, नाव ठाऊक नसलेल्या माणसांसाठीही हात जोडा. वेळेवर जेवा, वेळेवर झोपा, आणि फोन आला तर आपल्या काळजीचे गाठोडे त्याच्या डोक्यावर देऊ नका. घरी काय भाजी केली ते सांगा. तिकडे त्याला तेच ऐकायचे असते.